गाण्याने गणित सुधारतं का?

१९९३ सालच्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटंसं टिपण छापून आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या फ्रान्सेस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंसाठी रचलेली सोनाटा ऐकवली होती. मग त्यांना कागदाच्या घड्यांसारखी कोडी घातली. घडी घालून कातरलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, हे मनातल्या मनात ओळखायचं. नुसतं शांत बसल्यावर किंवा शरीर सैल सोडण्याच्या सूचना ऐकल्यावर जेवढे गुण मिळाले, त्यापेक्षा सोनाटा ऐकल्यावर जास्त मिळाले. बुद्ध्यंकाच्या मापात हा फरक आठ-नऊ अंकांचा होता आणि तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. हे सगळं टिपणात स्पष्ट लिहिलेलं होतं.

वर्तमानपत्रांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. कॉलेजच्या मुलांची जागा तान्ह्या बाळांनी घेतली, दहा मिनिटांची जागा आयुष्यभराने. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी किंवा कॅसेट देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद मागितली. त्याच वर्षी फ्लोरिडाने सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांत रोज असं संगीत लावण्याचा कायदा केला.

पुढे ठिकठिकाणी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा त्यातली हवा निघून गेली. टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी मोझार्टऐवजी स्टीफन किंगची कथा वाचून दाखवली. ज्यांना कथा जास्त आवडली, त्यांचे गुण कथा ऐकल्यावर वाढले. म्हणजे आवडीचं काही कानावर पडलं की माणूस तरतरीत होतो आणि तरतरीत माणूस कोडी जरा बरी सोडवतो, एवढाच त्याचा अर्थ. २०१० साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी चाळीसच्या आसपास अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मोझार्टची म्हणून वेगळी किमया काही सापडली नाही.

ही गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण शाळेत कला कशासाठी शिकवायची, असं विचारलं की आजही पहिलं उत्तर येतं ते ‘त्याने गणित सुधारतं, बुद्धी वाढते’ हेच. मेंदूविज्ञान कलेच्या बाजूने बोलतं, यात शंका नाही. मात्र ते काय बोलतं, हे नीट ऐकून घ्यायला हवं.

ऐकणं वेगळं, वाजवणं वेगळं

फडातली कुस्ती बघून आपले दंड फुगत नाहीत. सीडीच्या बाबतीत गल्लत झाली ती इथेच. ऐकणाऱ्याच्या मेंदूत काय होतं, यापेक्षा वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याच्या मेंदूत काय होतं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. त्याचं एक उत्तर १९९५ साली जर्मनीतल्या थॉमस एल्बर्ट यांच्या गटाने दिलं. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या प्रत्येक भागाच्या स्पर्शासाठी राखलेली जागा असते. व्हायोलिन, चेलो यांसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांचा डावा हात तारांवर सूक्ष्म हालचाली करतो, उजवा हात बहुतेक गज धरतो. एल्बर्ट यांनी वादकांची तुलना वाद्य न वाजवणाऱ्यांशी केली. वादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांची जागा अधिक मोठी होती. उजव्या हाताच्या जागेत असा फरक नव्हता. लहानपणी वाजवायला लागलेल्यांमध्ये हा परिणाम अधिक ठळक होता.

उजव्या हाताची ही नोंद फार मोलाची आहे. वादकांचा मेंदू जन्मतःच वेगळा असता, तर दोन्ही हातांच्या जागा वेगळ्या दिसायला हरकत नव्हती. फरक दिसला तो जो हात तारांवर घासला जातो, त्याच्याच जागेत. तरीही शंका उरतेच. कदाचित ज्यांची बोटं मुळातच चपळ, तीच मुलं व्हायोलिनकडे वळत असतील.

ही शंका फेडायची तर मुलांना शिकायला लागण्याआधी आणि नंतर तपासायला हवं. क्रिस्टा हाइड, गॉटफ्रीड श्लाउग आणि सहकाऱ्यांनी ते केलं आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. सहा वर्षांच्या आसपासची १५ मुलं दर आठवड्याला अर्धा तास की-बोर्ड शिकत होती. दुसऱ्या १६ मुलांना शाळेतला नेहमीचा संगीताचा सामुदायिक तास तेवढा होता. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. १५ महिन्यांनी दिसला. हाताच्या हालचाली चालवणारा भाग, आवाजावर काम करणारा भाग आणि मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा सेतू या ठिकाणी वाद्य शिकणाऱ्या मुलांच्या मेंदूची घडण बदलली होती. ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बोटांची आणि कानाची कसोटीही जास्त सुधारलेली होती. बाकीच्या कसोट्यांत मात्र ही मुलं इतरांच्या पुढे गेली नव्हती. ही ओळ लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

कान तयार होतो

‘बा’ आणि ‘गा’ या दोन आवाजांत फरक कुठे असतो? पुढचा ‘आ’ दोन्हींत सारखाच. फरक असतो तो सुरुवातीच्या काही शतांश सेकंदांत. तेवढ्या वेळात मेंदूने व्यंजन ओळखलं नाही, तर शब्द निसटतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असताना, शेवटच्या बाकावरच्या मुलाला हे काम दिवसभर करावं लागतं. वाचनाचा पायाही इथेच असतो. आवाज सुटा ऐकू आला, तरच त्याला अक्षर चिकटतं.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या नीना क्रॉस यांनी मेंदू हे आवाज कसे टिपतो, याचा बराच अभ्यास केला आहे. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूचा विद्युत प्रतिसाद नोंदवला की ‘बा’ आणि ‘गा’ त्याला किती वेगळे वाटतात, ते मोजता येतं. लॉस एंजेलिसमध्ये गुन्हेगारी टोळ्यांचा त्रास असलेल्या वस्त्यांतल्या मुलांना ‘हार्मनी प्रोजेक्ट’ ही संस्था मोफत संगीत शिकवते. तिथल्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलांवर क्रॉस यांच्या गटाने काम केलं. काही मुलांना लगेच प्रवेश मिळाला, काहींना वर्षभर प्रतीक्षायादीत थांबावं लागलं. त्यामुळे शिकणारी आणि न शिकणारी अशी एकाच वस्तीतली मुलं तुलनेला आपोआप मिळाली.

२०१४ साली आलेला निकाल असा होता की, एका वर्षानंतर मेंदूच्या प्रतिसादात फरक पडला नव्हता. दोन वर्षं शिकलेल्या मुलांचा मेंदू मात्र जवळच्या व्यंजनांतला भेद अधिक स्पष्ट टिपू लागला होता. आपल्याकडे कानसेनाला तानसेनाइतका मान आहे, तो उगाच नाही. पण कान तयार व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ महिन्यांत मोजून भागत नाही.

हाताने काढलेलं लक्षात राहतं

चित्राची गोष्ट आणखी सोपी आहे. ती घरीही करून पाहता येते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी विद्यार्थ्यांना एकेक शब्द दाखवला. काही शब्दांची चित्रं काढायची, काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायचे. वेळ दोन्हींना सारखाच, ४० सेकंद. मग थोडा वेळ दुसऱ्याच कामात गुंतवून अचानक विचारलं की, आठवतील तेवढे शब्द सांगा. काढलेले शब्द लिहिलेल्या शब्दांच्या दुपटीहून जास्त आठवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगमालेत तयार चित्र बघणं आणि मनात चित्र आणणं यांचीही परीक्षा झाली. हाताने काढण्याची बरोबरी कशालाच आली नाही आणि चित्र चांगलं येण्याची गरजही पडली नाही.

कारण सरळ आहे. ‘फुगा’ काढायचा तर फुगा म्हणजे काय, ते आधी आठवावं लागतं. तो गोल की लांबट, दोरी कुठे बांधायची, हे ठरवावं लागतं. मग हात फिरतो आणि डोळा तपासतो. एकाच शब्दाला अर्थाचा, हालचालीचा आणि दृश्याचा असे तीन धागे लागतात. परत आठवताना यांतला एक हाती लागला तरी पुरतो.

इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली याच्या जवळची एक गोष्ट दाखवली. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी काही अक्षरं हाताने काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला आणि काही की-बोर्डवर दाबायला. नंतर ती अक्षरं दाखवत त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. प्रौढ माणूस वाचताना मेंदूतला जो पट्टा कामाला लागतो, तो हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागा झाला. गिरवलेल्या आणि टंकलेल्या अक्षरांच्या वेळी तसा झाला नाही. मुलाने स्वतः काढलेला ‘अ’ दर वेळी थोडा वेगळा, थोडा वाकडा येतो. असे दहा वाकडे ‘अ’ काढताना त्याला कळतं की, ‘अ’ हे नेमकं कशामुळे ‘अ’ असतं. ठिपक्यांवरून गिरवताना हा शोध लागत नाही. वाकड्या चित्राला हसणाऱ्या मोठ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

सोळा मात्रांच्या आत

आता आपल्याच वर्गात येऊ. पाचवीतली मुलगी तीनताल शिकते आहे. हातांनी टाळी द्यायची आणि तोंडाने बोल म्हणायचे. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या मात्रेवर सम, तिथे टाळी. पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर पुन्हा टाळी. नवव्या मात्रेवर खाली, तिथे टाळी द्यायची नाही, हात उलटा करून बाजूला न्यायचा.

पहिल्या काही दिवसांत सगळी मुलं नवव्या मात्रेला हमखास चुकतात. दोनदा टाळी दिलेला हात तिसऱ्यांदाही सवयीने टाळी द्यायला जातो. शिवाय तोंडात ‘धा’च असतो. तो हात आयत्या वेळी थोपवणं, हे कपाळामागच्या मेंदूचं काम. तयार झालेली कृती रोखण्याची ही क्षमता लहान मुलांत कच्ची असते आणि पंचविशीपर्यंत पिकत जाते. त्याच वेळी आपण कितव्या मात्रेवर आहोत, याचा हिशेब ठेवायचा. तो असतो कार्यस्मृतीकडे, म्हणजे हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवण्याच्या शक्तीकडे. मात्रांमधलं अंतर सारखं राखण्यात लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींचा वाटा असतो. नुसती लय ऐकली तरी हालचालींची केंद्रं जागी होतात, हे स्कॅनमध्ये दिसलेलं आहे.

मग गुरुजी म्हणतात, आता दुगुन. टाळीचा वेग तोच ठेवायचा आणि बोल दुप्पट वेगाने म्हणायचे. एका मात्रेत दोन बोल, एका आवर्तनात अख्खा ठेका दोनदा. आता हात आणि तोंड दोन वेगांनी चालतात आणि तरीही दोघांनी समेवर एकत्र यायचं असतं. चुकलं तर कोणी सांगावं लागत नाही, समेला सगळ्या वर्गाला ऐकू येतं. उत्तरपत्रिका तपासून येण्याची वाट बघावी लागत नाही. चूक, तिची तत्काळ जाणीव आणि लगेच दुसरा प्रयत्न ही साखळी मेंदूला शिकवण्यात फार समर्थ आहे. एरवीच्या तासांत ती एवढ्या वेळा क्वचित फिरते.

अमेरिकेतल्या डॅना फाउंडेशनने मायकेल गॅझॅनिगा यांच्या नेतृत्वाखाली सात विद्यापीठांतल्या संशोधकांना कला आणि शिकणं यांचा संबंध तपासायला सांगितलं होतं. २००८ साली आलेल्या त्यांच्या अहवालातला एक प्रमुख विचार असा होता की, एखाद्या कलेची मनापासून गोडी लागली की मूल दीर्घकाळ लक्ष एकवटतं आणि लक्ष एकवटण्याच्या या सरावातून इतर शिकण्यालाही मदत होऊ शकते. आपले निष्कर्ष बरेचसे परस्परसंबंधाचे आहेत, कार्यकारणाचे नाहीत, याची जाणीवही त्या अहवालात होती.

दुसऱ्याची भूमिका

नाटकाबद्दलचे अभ्यास कमी आहेत, पण बोलके आहेत. २००४ साली शेलेनबर्ग यांनी टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. दोन गटांना वर्षभर संगीत, एकाला नाटक, एकाला काहीच नाही. बुद्ध्यंक शाळेत जाणाऱ्या सगळ्यांचाच वाढला. संगीताच्या मुलांचा सरासरी सात अंकांनी, इतरांचा चारच्या थोडा वर. नाटकाच्या गटात आणखी एक बदल दिसला, जो संगीताच्या गटात नव्हता. त्या मुलांची इतरांशी वागण्याची रीत सुधारली. थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी २०१२ साली असंच निरीक्षण मांडलं. वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची दुसऱ्याच्या भावना जाणण्याची क्षमता इतर कला शिकलेल्या मुलांपेक्षा अधिक वाढली होती.

शाळेत उतरवल्यावर

प्रयोगशाळेतलं शाळेत टिकतं का, हे बघणारे दोन मोठे प्रयत्न सांगतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मारियाल हार्डिमन यांनी बाल्टिमोरच्या सहा शाळांतल्या पाचवीच्या सुमारे ३५० मुलांसोबत काम केलं. विज्ञानाचे धडे तेच. काही वर्गांना ते नेहमीच्या पद्धतीने शिकवले, काहींना चित्रं, गाणी आणि अभिनय यांतून. काही आठवड्यांनी पुन्हा विचारल्यावर सगळ्यात जास्त फायदा दिसला तो वाचनात मागे असलेल्या मुलांना. धडा मजकुराच्याच दारातून आत येत असेल, तर ज्याचं वाचन कच्चं त्याला विज्ञानही कच्चं राहतं. कलेने त्या मुलांसाठी दुसरं दार उघडलं.

दुसरा प्रयत्न ह्यूस्टन शहरातला. ब्रायन किसिदा आणि डॅनियल बोवेन यांनी ४२ शाळांतल्या साडेदहा हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१९ साली मांडला. चिठ्ठीने निवडलेल्या शाळांत कलावंतांचे आणि कलासंस्थांचे कार्यक्रम वाढवले होते. त्या शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी ३.६ टक्के-अंकांनी घटल्या, लेखनाचे गुण वाढले, इतरांबद्दलची कणवही वाढली. गणित, वाचन आणि विज्ञान यांच्या गुणांत मात्र दखल घ्यावी असा फरक पडला नाही.

कुठे थांबायचं

आता या प्रकरणाच्या शीर्षकातल्या प्रश्नाकडे वळू. जोवानी साला आणि फर्नांड गोबे यांनी २०२० साली ५४ अभ्यासांतल्या सुमारे सात हजार मुलांची माहिती एकत्र केली. संगीत शिकल्याने सर्वसाधारण बुद्धी किंवा शालेय गुण वाढतात का, हा प्रश्न होता. जिथे मुलं चिठ्ठीने निवडली होती आणि तुलनेच्या गटालाही दुसरं काहीतरी शिकवलं होतं, अशा काटेकोर अभ्यासांत हा परिणाम जवळजवळ शून्यावर आला. शेलेनबर्ग यांना संगीताच्या मुलांत इतरांपेक्षा दिसलेला तीनेक अंकांचा जादा फायदाही या चाळणीत फारसा टिकत नाही.

उजव्या-डाव्या मेंदूची गोष्टही अशीच. ‘कला उजव्या मेंदूची, गणित डाव्या मेंदूचं, म्हणून दोन्ही बाजू वापरण्यासाठी चित्रकला शिकवा’ हे वाक्य शिक्षक-प्रशिक्षणात सर्रास ऐकू येतं. भाषेसारखी काही कामं एका बाजूला झुकलेली असतात, हे खरं. पण उजव्या मेंदूची माणसं आणि डाव्या मेंदूची माणसं अशी विभागणी नसते. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली १०११ जणांचे स्कॅन तपासून तसा पुरावा नसल्याचं सांगितलं. तीनतालाची ती पाचवीतली मुलगी दोन्ही बाजू वापरतच असते, गणित सोडवतानाही आणि ठेका धरतानाही.

म्हणजे गाण्याने गणित सुधारतं, असा पुरावा नाही. मग कलेच्या बाजूने उरतं काय? उरतं ते कमी नाही. वाजवणाऱ्याचा हात आणि कान घडतो. दोन वर्षांच्या संगीताने बोललेलं अधिक स्वच्छ ऐकू येतं. हाताने काढलेलं अधिक लक्षात राहतं. मागे पडणाऱ्या मुलांना धड्यात शिरायला वाट मिळते. नाटकातून माणसं कळू लागतात. मेंदू ज्याचा सराव करतो त्यात तयार होतो, एवढं मेंदूविज्ञान खात्रीने सांगतं. गणितात तयार व्हायचं तर गणितच करायला हवं. बारकाईने बघण्यात, ऐकण्यात, हात कह्यात ठेवण्यात आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहण्यात तयार व्हायचं असेल, तर त्याचा रोजचा सराव शाळेत चित्र, गाणं, नृत्य आणि नाटक यांतूनच मिळतो.

एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी पूर्वीच एक इशारा दिला होता. कलेचं समर्थन गणिताच्या गुणांवर उभं केलं, तर गुण वाढले नाहीत त्या दिवशी कलेचा तास जातो. इतिहास शिकवण्यासाठी आपण त्याने बीजगणित सुधारल्याचा दाखला मागत नाही. चित्रकलेकडेही तो मागू नये.

वेळापत्रकाचा प्रश्न

आपल्याकडे कागदावर फार काही कमी नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरापेक्षा जास्त असेल तिथे, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितलेला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि कला यांच्यात भिंत नको असं म्हटलं आहे. त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा उभी करताना गाणी, नाच आणि परिसरातली पानं, दगड, शंख-शिंपले यांतूनच शिक्षणाची सुरुवात केली होती. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची जुनी परंपरा आहे. त्यांतलं स्मरणचित्र म्हणजे बघितलेलं मनात साठवून कागदावर उतरवण्याची थेट कसोटी.

अडचण येते ती वेळापत्रकात. कलेचा तास परीक्षेआधी पहिल्यांदा कापला जातो, गणिताच्या शिक्षकांना उसना दिला जातो, आणि मग गॅदरिंगच्या आधीचे पंधरा दिवस निवडक वीस मुलांना एका गाण्यावर नाचवून वर्षभराची भरपाई केली जाते. ग्रेड परीक्षेलाही अनेक मुलं बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. वर सांगितलेल्या अभ्यासांच्या कसोटीवर हे टिकत नाही. क्रॉस यांच्या अभ्यासातल्या मुलांना एक वर्षही पुरलं नव्हतं. हाइड यांच्या अभ्यासातल्या मुलांना आठवड्याला फक्त अर्धा तास मिळत होता, पण तो १५ महिने सलग मिळाला.

म्हणून पालकांनी शाळेत प्रवेश घेताना आणि शिक्षकांनी वेळापत्रक आखताना तीन गोष्टी विचाराव्यात. कलेचा तास दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी होतो का? त्या तासाला वर्गातल्या प्रत्येक मुलाचा हात, गळा किंवा पाय कामाला लागतो का, की निवडक मुलं करतात आणि बाकीची बघतात? आणि हे सगळं किमान दोन वर्षं सलग चालतं का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तर ती शाळा मुलाच्या मेंदूसाठी योग्य काम करते आहे. नसेल, तर पुढच्या पालकसभेत गणिताच्या जादा तासाची मागणी करण्याआधी चित्रकलेचा हक्काचा तास परत मागा.